सत्कार नंतर करू, आधी मुदत ठेवीची पावती दाखवा

आपल्या बीड-लातूरकडचं एखादं पोरगं पिक्चरमध्ये झळकलं की आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. शाल-श्रीफळ, फेटा, शाळेत पेढे, नेत्यांच्या हस्ते सत्कार. हा आनंद खरा असतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, बालनाट्य स्पर्धेसाठी मुलांची नाटकं बसवतो, त्यामुळं सगळ्यात जास्त आनंद मलाच होतो. पण त्या मंडपात तीन गोष्टी कुणी विचारत नाही. पोराला पैसे किती मिळाले? ते कुणाच्या खात्यात गेले? आणि शाळा किती बुडाली?

हे लिहावंसं वाटलं ते शफीक सय्यदमुळं. नव्या पिढीला हे नाव माहीत नसेल. 1988 चा मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो ‘चायपाव’ आठवेल. बंगळुरूहून घर सोडून मुंबईत आलेला, रस्त्यावर राहणारा हा मुलगा. चित्रपटासाठी रस्त्यावरच्या मुलांचं अभिनय शिबिर घेतलं गेलं आणि त्यातून शफीकला मुख्य भूमिका मिळाली. गोष्टीतल्या कृष्णाला, म्हणजे या चायपावलाच, घरी परत जायला 500 रुपये साठवायचे असतात, सगळा चित्रपट त्या 500 रुपयांभोवती फिरतो. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला, ऑस्करचं नामांकन मिळालं. शफीकला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं गौतम घोष यांच्या ‘पतंग’मध्ये तो दिसला. त्यानंतर काम मिळेना. तो बंगळुरूला परतला आणि पोटासाठी रिक्षा चालवू लागला.

रिक्षा चालवणं कमीपणाचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. कष्टाची भाकरी आहे ती. सलतं ते वेगळंच. राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या पोराच्या हातात शिक्षण नव्हतं आणि पडद्यावरून उतरल्यावर पाय टेकायला जागा नव्हती. आणि हेही सांगितलं पाहिजे की तो चित्रपट करणारी माणसं वाईट नव्हती. त्याच चित्रपटातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी तो आजही काम करतोय. म्हणजे भली माणसं असूनही एका पोराचं असं होऊ शकतं. मग जिथं माणसं नुसती घाईत असतात तिथं काय होत असेल?

त्याच 1988 साली आपल्याकडं ‘अशी ही बनवाबनवी’ आला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, तेही बालकलाकारच. राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून आलेले, पुढं ‘गीत गाता चल’चे नायक झालेले. त्यांची मेहनत आणि गुण वादातीत आहेत. पण त्यांच्या पाठीशी मुंबईतलं घर होतं, चित्रपट व्यवसाय जाणणारे वडील होते. शफीकच्या पाठीशी कुणी नव्हतं. मला तरी दोघांतला मोठा फरक हाच दिसतो.

आता आपल्याकडचं. धारूरच्या घाटाकडच्या एका वाडीतला माझा विद्यार्थी. आई-बाप ऊसतोडीला, पोरगं हंगामी वसतिगृहात. आवाज असा खणखणीत की परिपाठाला तो उभा राहिला की पाठीमागची मुलंही गप्प व्हायची. एका चित्रपटासाठी माणसं आली, गावोगाव मुलं पाहिली, याला निवडलं. दोन शेड्यूल मिळून महिना-दीड महिना तो बाहेर होता. परत आला तेव्हा केस मानेवर आलेले. महिने उलटले तरी कापेना. मी विचारलं, “केस का कापीनास रे?” म्हणाला, “सर, पॅचवर्क राहिलंय म्हणले होते. केस तसेच ठेव, सीन जुळला पाहिजे म्हणले.” त्याला परत बोलावलं तर नाहीच, पण पॅचवर्क, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांचं शूटिंग, झालंय, आता केस काप, एवढं सांगणारा फोनही कुणी केला नाही. पोरगं वर्ष संपेपर्यंत तसंच वाट बघत राहिलं. वर्गातली पोरं ‘हिरो’ म्हणायची. आधी कौतुकानं, मग चिडवायला.

बापाला विचारलं, कागद काय झालाय? तर म्हणाला, “गुर्जी, पैशाचं काय इचारायचं, पोराचं नाव झालं की.” पाकिटात रोख दिली होती. मुकादमाकडून उचल घेऊन फडावर जाणाऱ्या माणसाला हातात रोकड पडली की व्यवहार पुरा झाला असंच वाटतं. त्याला दोष कसा द्यायचा? ते पैसे घरातल्या आजारपणात गेले. पोरगं नववीत गळालं. आता तोही कोयता घेऊन कर्नाटकात जातो.

यावर कायदा नाही असं समजू नका. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, 2017 मध्ये नियम आले. चित्रपट-मालिकांत मुलांना काम करता येतं, पण अटींवर. जिथं शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं आधी घ्यायची, सोबत हमीपत्र आणि पालकांची संमती द्यायची. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. अभ्यासात खंड पडणार नाही ही जबाबदारी निर्मात्याची. जास्तीत जास्त पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग थेट राष्ट्रीयीकृत बँकेत, त्याच्याच नावानं मुदत ठेवीत ठेवायचा. तो पैसा त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचा.

मोठमोठ्या देशांनाही हे ठेच लागल्यावरच कळलंय. चार्ली चॅप्लिनबरोबर ‘द किड’मध्ये काम केलेला जॅकी कूगन लाखो डॉलर कमावून मोठा झाला आणि बघतो तर पैसे उडालेले. 1938 मध्ये त्यानं सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईसाठी कायदा झाला, त्याला आजही कूगनचंच नाव आहे.

काही मित्र म्हणतात, सर, हे सगळं मागायला लागलो तर छोटे निर्माते आपल्याकडं फिरकायचेच नाहीत, पोरांची संधी जाईल. मला हे पटत नाही. नियम टक्क्यांत आहे. दहा हजार दिले तर दोन हजार ठेवायचे. ज्याला एवढंही जमत नाही त्याच्या भरवशावर पोराची शाळा कशी सोडायची? 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकार म्हणून निवडलेल्या पाच मुलांपैकी चार मराठी चित्रपटांतली होती. मराठी सिनेमाला लहान मुलांची गरज आहे, आणि गावाकडच्या मातीतला चेहरा हवा म्हणून तो आपल्या वस्त्यांवर येतो. गरज त्यांचीही आहे, मग घासाघीस करायला आपण का लाजायचं?

एक अडचण मात्र खरी आहे. पोरगं केजचं आणि शूटिंग वाईला असेल तर परवानगी साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची लागते. इकडं बीडला कुणाला पत्ताही नसतो. म्हणून परवानगीची प्रत पालकांनी मागून घेतली पाहिजे. एक झेरॉक्स घरी, एक शाळेत. हमीपत्राची मुदत सहा महिन्यांची असते, शूटिंग लांबलं तर नवीन झालंय का तेही विचारा. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की रजेचा अर्ज या कागदाशिवाय मंजूर करू नका. आणि ऑडिशनच्या नावाखाली मंगल कार्यालयात बोलावून कुणी फॉर्मचे पैसे मागत असेल तर सरळ घरी या.

केज, धारूर, वडवणी, अंबाजोगाई या भागातल्या कुणाच्या पोराची निवड झाली असेल तर मला मेसेज करा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. करार वाचायला बसू, बँकेत खातं उघडायला मी सोबत येतो. पोराचं आधार आणि शाळेचं बोनाफाईड तेवढं घेऊन या.