वावर हडपायचं आहे? सरकारकडून शिका

भाऊ, नांगरताना दरवर्षी नांगराची एकेक रेघ शेजाऱ्याच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, घुसवायचा जुना धंदा आता सोडा. त्यात अर्धं आयुष्य जातं, मधेच मोजणीवाला येऊन खुणा ठोकतो, अन् घरच्या बायकांची जुंपते ती वेगळीच. सरकारनं हे काम किती सफाईनं केलं, ते बघा.

आधी शत्रू ठरवा, जमीन मागून येते. 1962 ला चीनशी लढाई झाली, 1965 ला पाकिस्तानशी. त्या देशांचे नागरिक झालेल्यांची इथली घरं, शेतं, शेअर सरकारजमा झाले आणि 1968 मध्ये शत्रू मालमत्ता कायदा आला. बंदूक उचललेलीच पाहिजे अशी अट नाही. फाळणीनंतर भावाकडे कराचीला गेलेला शिंपीही चालतो. 2018 च्या सरकारी आकड्यांत मागे राहिलेल्या मालमत्ता 9,280 पाकिस्तान्यांच्या, 126 चिन्यांच्या. ताश्कंदला 1966 मध्ये त्या परत करण्यावर बोलू, असं भारत-पाकिस्ताननं लिहून दिलं होतं. (आपल्या तंटामुक्ती समितीत होतं तसंच. चहा होतो, सह्या होतात, धुरा तिथंच.) पाकिस्ताननं तर 1971 मध्ये तिकडच्या भारतीयांच्या मालमत्ता विकूनही टाकल्या.

शत्रू मेला म्हणून ढिले पडू नका. उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या राजांनी 1957 मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. मुलगा इथलाच, भारतीय नागरिक. बाप गेल्यावर त्याच्या मालमत्तेसाठी तो कोर्टात भांडत राहिला आणि 2005 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. तुम्ही-आम्ही अशा वेळी डोक्याला हात लावून वकिलाची फी मोजत बसलो असतो. सरकारनं कायदाच बदलला. 2016 मध्ये वटहुकूम पाच वेळा काढला, 2017 मध्ये दुरुस्ती पास केली, तीही मागल्या तारखेपासून लागू. आता मालक मरो, वारस भारतीय असो, मालमत्ता शत्रूचीच. दिवाणी कोर्टाचं दारही बंद. इकडे बापाच्या मागं वारसाचा फेरफार घ्यायला तलाठी तुम्हाला किती चकरा मारायला लावतो, ते आठवा.

शेवटचं. वावर हाती आलं की सातबाऱ्यावर मालक म्हणून चढायची घाई करू नका. राखणदार म्हणून बसा. सरकारनंही तिथं अभिरक्षकच बसवला आहे, आणि 2018 मध्ये त्याच्या ताब्यातले साडेसहा कोटी शेअर विकायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तेव्हा तुम्हीही तूर खुशाल बाजार समितीत न्या. शिक्का तेवढा लागेल, तो तालुक्याच्या बसस्टँडजवळ करून मिळतो.