सेन्सर वाजलाच नाही म्हणे!

आज संध्याकाळी कर्वे रोडला, नळ स्टॉपच्या अलीकडे, माझ्या पुढची पांढरी गाडी इंडिकेटर-बिंडिकेटर काही न देता सरळ डावीकडे सरकली. डावीकडून डिलिव्हरीवाला पोरगा येत होता, तो आडवा. गुडघा फुटला, कुणाचं तरी जेवण रस्ताभर. मी गाडी कडेला घेऊन उतरले. पांढऱ्या गाडीतून पंचविशीचा एक मुलगा बाहेर आला आणि त्याचं पहिलं वाक्य काय? "काकू, सेन्सर वाजलाच नाही हो."

मी त्याच्या गाडीकडे बघितलं. दोन्ही आरसे मिटलेले! "पार्किंगमध्ये मिटले होते, उघडायचे राहिले." म्हणजे घरापासून नळ स्टॉपपर्यंत हा माणूस मागे-बाजूला काय चाललंय ते न बघता आला, आणि वाटेत त्याला काही चुकल्यासारखं वाटलंही नाही.

अरे बाबा, तो सेन्सर वाजणारच नव्हता. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना जो सेन्सर सक्तीचा झालाय तो रिव्हर्स पार्किंगचा. मागच्या बंपरमध्ये बसवलेली ती गोल बटणं रिव्हर्स गिअर टाकला की जागी होतात, मागे दीड-दोन मीटरवर काही आलं की टीं-टीं करतात. पुढे चाललेल्या गाडीच्या डावीकडून कोण येतंय याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. बारीक खांब नाहीतर ठेंगणा दगड तर रिव्हर्समध्येसुद्धा निसटतो त्यांच्यातून. शोरूममध्ये हार घालून किल्ली देताना हे कुणी सांगितलं असेल त्याला? सनरूफ कसं उघडायचं ते मात्र दोनदा सांगितलं असणार.

हो, त्या डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरलाही आरसे नव्हते आणि तो डावीकडून घुसत होता. मान्य. पुण्यात डावीकडून कोण घुसत नाही? म्हणूनच तर बघायचं ना!

महागड्या मॉडेलला बाजूचं बघणारे रडार येतात, तेही माहीत आहे मला. एका मैत्रिणीच्या गाडीला आहेत. लक्ष्मी रोडला ते इतके वाजतात, इतके वाजतात, की तिने ते बंदच करून टाकलेत. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी सदैव कुणी ना कुणी असतंच. यंत्राने बिचाऱ्याने किती ओरडायचं?

मी गाडी शिकले तेव्हा आमच्या मारुती ८०० ला डावा आरसा आलाच नव्हता. कित्येक गाड्यांना यायचा नाही, चैन समजायचे ती. मी नाना पेठेतून वेगळे पैसे देऊन बसवून घेतला. तेव्हा सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं होतं, "तोंड बघायला का?" इतकी वर्षं पुढची गाडी जरा अडखळली की "बाई असणार" ऐकत आलेय मी, आणि आज हा बाप्या दोन्ही आरसे मिटून मला सांगतो, सेन्सर वाजला नाही!

मघाशी फॅमिली ग्रुपवर हे लिहिलं तर जपानवाल्या भाच्याने लगेच पिन मारली. "मावशी, इकडे २०१६ पासून आरशांऐवजी कॅमेरे चालतात. २०१८ मध्ये लेक्ससने तशी गाडीच काढली. काचेवर पावसाचे थेंब असले तरी आतल्या स्क्रीनवर स्वच्छ दिसतं." दिसत असेल. तुमच्याकडे रस्तेही धुतल्यासारखे असतात. जुलैत आमच्या रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त चिखल दिसतो. आरसा मी खिडकीतून हात काढून पुसते, मागचा कॅमेरा पुसायला भर ट्रॅफिकमध्ये खाली उतरू का?

आणि चष्म्याचं काय? आतल्या सपाट आरशात मागची गाडी जितकी लांब, तितक्याच लांबचं नजरेला दिसतं. रस्त्यावर लावलेली नजर तशीच ठेवून चालतं. स्क्रीन हातभर अंतरावर, म्हणजे दर वेळी डोळ्यांनी लांबचं सोडून जवळचं पकडायचं. पन्नाशीपुढच्यांनी हे करून बघावं. शिवाय आरशात जरा मान पुढे काढली की आणखी थोडं कोपऱ्यातलं दिसतं. कॅमेऱ्यापुढे कितीही मान हलवा, तो दाखवेल तेवढंच.

भाचा हट्टी. म्हणे आरसाही कधीतरी नवं खूळच होता. १९११ ची अमेरिकेतली इंडियानापोलिसची मोटार शर्यत. रे हॅरून एकटाच गाडीत, मागचं सांगायला शेजारी मेकॅनिक नाही म्हणून बाकीचे ओरडले, तर त्याने आरसा लावला आणि जिंकला. खरंय. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरायचा की त्यात काही दिसतच नव्हतं, हे हॅरूननेच पुढे सांगितलं होतं, ते भाच्याला माहीत नव्हतं!

एक मात्र कबूल करते. गाडीमागे बसलेलं लहान पोर कुठल्याच आरशात दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसतं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला तो त्यासाठीच. रिव्हर्सला कॅमेरा हवाच. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही, "वाजलं नाही म्हणजे कुणी नाही" या समजुतीशी आहे.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मुलाचे हात थरथरत होते खरं. त्यानेच डिलिव्हरीवाल्याला मेडिकलमध्ये नेलं, ड्रेसिंगचे आणि सांडलेल्या जेवणाचे पैसे दिले, पळून गेला नाही. मीच त्याचे आरसे उघडून दिले आणि लावायचे कसे ते दाखवलं. उजव्या काचेला डोकं टेकवायचं, आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर ढकलायचा. डाव्या आरशासाठी दोन सीटच्या मधोमध कलायचं, तसंच. सरळ मागचं बघायला आतला आरसा आहेच. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी बाजूची जागा, बराच कमी होतो. तो म्हणाला, "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे कुणी दाखवलंच नाही." यावर काय बोलणार! त्या स्कूलच्या गाडीचा आतला आरसा म्हणे सरांकडेच वळवलेला असायचा.

पेठांच्या बोळात आरसे उघडे ठेवले की कुणीतरी हँडल घासून जातं, हेही खरं. गेल्या आठवड्यात माझ्याच डाव्या आरशाची काच तशी गेली. सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खा सेट घ्या. नाना पेठेत नुसती काच बसवून देणारं कुणी विश्वासाचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. "कॅमेराच लावून टाका" असं लिहिणाऱ्यांना ब्लॉक करीन.