दसऱ्याच्या झेंडूचं मलम जखमेवर लावू नका

"दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं फेकू नका. आठवडाभर खोबरेल तेलात बुडवून ठेवा, चमचाभर हळद आणि मेणबत्तीचं मेण घालून वितळवा. भाजलं, कापलं, सोरायसिस, शुगरची न भरणारी जखम, सगळ्यांवर रामबाण! युरोपात याच फुलाचं मलम हजारो रुपयांना विकतात. केमिकल नाही, म्हणून दुष्परिणाम नाही. दोन वर्षं टिकतं."

हा मेसेज यंदा माझ्या तासगावच्या आत्यापर्यंत पोहोचला. आत्याला जुनी शुगर आहे, टाचेला भेग पडलेली, आणि तिने बरणी भरून मलम करून ठेवलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही जरा थांबून विचार केला नाही, याचा मला संताप आहे.

"युरोपात याच फुलाचं मलम" हे साफ खोटं आहे. तिकडे ज्याचं मलम करतात ते कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस. आपण तोरणाला लावतो तो झेंडू टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोचा. कुळ एक, रंगही मिळताजुळता, पण झाडं वेगळी. झेंडूचं पान कातरलेलं, उग्र वासाचं आणि बी काळं, सुईसारखं सरळ. कॅलेंड्युलाचं पान अखंड, लांबट; बी नखासारखं वाकडं; फुलं खुडताना बोटं चिकट होतात. साताऱ्यात माझ्या गच्चीवर कुंड्यांमध्ये हिवाळ्यात कॅलेंड्युला फुलतो, त्यामुळे हा फरक मी रोज बघते.

आणि युरोपचंच नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. युरोपियन युनियनने २०१८ साली नियम (२०१८/९७८) काढून आपल्या या मोठ्या झेंडूच्या, म्हणजे टॅजेटिस इरेक्टाच्या, फुलाचा अर्क आणि तेल सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी घातली. त्याच्या दोन भाऊबंदांना मुभा ठेवली, पण त्वचेवर लावून ठेवायच्या क्रीममध्ये फक्त ०.०१ टक्क्यापर्यंत, आणि उन्हापासून बचावाच्या क्रीममध्ये अजिबात नाही. कारण शेतकऱ्यांना ओळखीचं आहे. टोमॅटोत झेंडू लावतात तो सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या जमिनीतल्या बारीक कृमींना, आवर घालायला. ते काम करणारी थायोफिन्स नावाची द्रव्यं झेंडूत असतात आणि ऊन लागलं की ती त्वचेलाही भाजल्यासारखी इजा करू शकतात. आता द्राक्षबागेत दुपारभर राबणाऱ्या बाईने हे मलम हातांना चोपडून जायचं? बरणीतल्या तेलात ती किती उतरली आहेत, हे नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही.

भाजण्याचा मुद्दा तर सरळ धोक्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या भाजण्यावरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, की भाजलेल्या जागी लेप, तेल, हळद किंवा कापूस लावू नका. हळदीचं नाव घेऊन लिहिलंय! सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण ती भाजीत. भाजलं की आधी वाहतं साधं पाणी, बर्फ नको, फोड फोडायचे नाहीत, आणि भाजणं मोठं असेल तर लगेच दवाखाना.

शुगरच्या जखमेवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, रक्तपुरवठाही कमी पडतो. भेग खोल गेली, आत पू झाला, तरी दुखत नाही. वर तेल-मेणाचा थर बसला की ती दिसतही नाही. माणूस "मलम चालू आहे" म्हणून निर्धास्त राहतो, आणि हे वाया गेलेले दिवसच बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत नेतात. आत्याला मी फोनवर ओरडलेच. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

बाकीचे मुद्दे फार वेळ देण्यासारखे नाहीत. बाजारातल्या झेंडूवर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे "केमिकल नाही" हे विसरा. बाजारातली मेणबत्ती बहुतेक वेळा खनिज तेलापासून केलेल्या पॅराफिनची असते. ओली फुलं तेलात घातली की पाणी उतरतं, बुरशी धरते. दोन वर्षं कसली टिकताहेत! शिवाय ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी आहे त्यांनी झेंडू आणि कॅलेंड्युला दोन्हींपासून जपावं, कारण कुळ तेच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कॅलेंड्युलात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२००४) कॅलेंड्युलाचं मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्के स्त्रियांना त्वचेचा मध्यम किंवा त्याहून जास्त दाह झाला. दुसरं मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होतं. पण ते प्रमाणित औषधी मलम होतं, तोरणातल्या फुलांचं नव्हे.

हौसच असेल तर कॅलेंड्युलाचं बी ऑक्टोबरमध्ये पेरा, फवारणी न करता वाढवा. फुलं सावलीत कडकडीत वाळवा, तिळाच्या तेलात तीन-चार आठवडे मुरवा, फडक्यातून गाळा. १०० ग्रॅम तेलाला २० ग्रॅम मधमाशीचं मेण. महाबळेश्वरजवळचं मांघर हे मधाचं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा मेणबत्त्या वितळवायची गरज नाही. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, मग कोरड्या हातांना, फुटलेल्या ओठांना लावा. उघड्या जखमेवर हेही नको, आणि शुगरवाल्यांच्या पायांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.