घोडा दमवून वर मिरवता? – एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

काका, रामराम.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं दोघातिघांनी सुचवलं. मी ती तशीच ठेवतोय. बाकीच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की डिसेंबरात आमच्या घोडीनं साठ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची दमसासाची शर्यत पूर्ण केली, त्यावर मी लिहिलं होतं. रायबागकडच्या या काकांच्या घरात आजोबांपासून घोडागाडीच्या शर्यतीचे घोडे आहेत. त्यांचं म्हणणं असं: "आमच्या गाडी-शर्यतीला कोर्ट, पोलीस, प्राणिमित्र सगळे आडवे येतात. तुम्ही साठ किलोमीटर घोडीच्या पाठीवर बसून जाता, तापलेल्या अंगावर गार पाणी ओतता, शेवटून तिसरे येता आणि वर 'पूर्ण केलं' म्हणून फोटो टाकता. घोडा दमवायचाच तर निदान जिंकून तरी दाखवा. सगळे पैसेवाल्यांचे चोचले."

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमच्या बोलण्यात रागापेक्षा काळजी जास्त दिसली.

तापल्या घोड्यावर गार पाणी पडलं की घोडा जखडतो, हे मीही लहानपणापासून ऐकत आलोय. खानापुरात आमच्या पागेत येणारा नालबंद आजही मी बादली उचलली की तोंड फिरवतो. पण १९९६ चं ऑलिंपिक अटलांटाला व्हायचं होतं, तिथला उन्हाळा कडक आणि वर दमट. घोडे तिथं टिकतील का, या धास्तीनं पशुवैद्यांनी आधी काही वर्षं हाच प्रश्न तपासला. पळून आलेल्या घोड्यांवर थंड पाणी ओतत राहिले आणि अंगातली उष्णता, स्नायू, नाडी मोजत राहिले. घोडे जखडले नाहीत, लवकर निवले. कारणही समजण्यासारखं आहे. चंदीतून, म्हणजे दाण्याच्या खुराकातून, आणि गवतातून मिळालेल्या शक्तीचा साधारण पाऊण भाग पळताना उष्णता होऊनच बाहेर पडतो. ती घामानं जायची. हवा दमट असली तर घाम वाळतच नाही, नुसता गळतो. मग पाणी ओतण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

तुमच्या आजोबांनी जखडलेला घोडा पाहिला असेल, त्यात मला शंका नाही. मागच्या पायांचे पुठ्ठे लाकडासारखे घट्ट, पाऊल पुढे पडत नाही, लघवी काळपट. हा आजार खरा आहे. युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांत तो इतका दिसायचा की त्याला सोमवारचा आजार म्हणत. रविवारी घोडा ठाणावर उभा, पण तोबऱ्यात चंदी रोजच्याइतकीच, आणि सोमवारी एकदम कामाला जुंपला की स्नायू धरायचे. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी केली की बरेच घोडे वाचतात. दोष पाण्यावर आला, कारण बादली सगळ्यांना दिसते. आदल्या दिवशीचा तोबरा कोण आठवतो?

पाजण्याच्या पाण्याचंही तेच. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो. उन्हात जोरात चालला तर तासाला दहा लिटरपेक्षा जास्त घाम जातो आणि त्याबरोबर मीठही जातं. आपल्या अंगातून पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, म्हणून रक्त खारटतं आणि तहान लागते. घोड्याचं पाणी आणि मीठ बरोबरच गेल्यामुळे तहानेची खूण उशिरा मिळते. अंगातलं कित्येक लिटर पाणी गेलेला घोडा हौदापाशी नुसता उभा राहतो, आणि आपण म्हणतो तहान नाही त्याला. म्हणून आम्ही वाटेत मीठ आणि पोटॅशियमचं मिश्रण तोंडात देतो आणि ओढा, हौद, बादली दिसेल तिथं थांबतो. गवतही ओलं करून घालतो. तापलेल्या घोड्याला पाणी तोडायचं, ही जुनी शिस्त या बाबतीत उलटी आहे.

आता शेवटून तिसरा का आलो ते.

आमची शर्यत वीस-वीसच्या तीन फेऱ्यांची होती. प्रत्येक फेरीनंतर पशुवैद्याचं फाटक, म्हणजे तपासणीचा थांबा. फाटकात शिरलात म्हणून घड्याळ थांबत नाही. घोड्याची नाडी ठरलेल्या आकड्याखाली उतरवून दाखवली की थांबतं. बहुतेक ठिकाणी हा आकडा मिनिटाला ६४ असतो आणि तो गाठायला पंधरा मिनिटं मिळतात. उभ्या घोड्याची नाडी तीस-चाळीसच्या घरात असते, जोरात पळाला तर दोनशेच्या वर जाते. भरधाव आलात आणि घोडा ऐंशीवर अडकला, तर तुम्ही कमावलेली मिनिटं तिथंच झाडाखाली उभं राहून फेडायची. नाही उतरली तर घोडा बाद, मग पुढे किती का असेना.

नाडीवर संपत नाही. पशुवैद्य मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो आणि ती किती लवकर बसते ते बघतो. हिरडी दाबतो, पांढरा डाग किती वेळात परत गुलाबी होतो ते बघतो. खोगिराखालची पाठ आणि तंगाची, म्हणजे खोगीर बांधायच्या पट्ट्याची, जागा दाबतो. पोटाला चार ठिकाणी कान लावतो. हे चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लांबच्या चालीत रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. पोट गप्प झालं तर पोटशूळ दारात उभा आहे असं समजायचं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. शेवटी लगाम सैल धरून घोडा दुडक्या चालीनं पळवून दाखवायचा, लंगडतो का ते बघायला. सगळ्यात जास्त घोडे इथंच बाद होतात. ही तपासणी धरून चाळीसेक मिनिटांची सक्तीची विश्रांती.

दुसऱ्या फाटकाच्या अलीकडे चढ होता. मी उतरलो, तंग सैल केला आणि घोडीबरोबर पायी चालत आलो. पाचसहा स्वार दुडकत पुढे निघून गेले, एकानं हसून हातही केला. घोडी आत आली तेव्हा नाडी ६८ होती. दोन बादल्या मानेवर आणि मांड्यांच्या आत ओतल्या, सावलीत फिरवली, ५६ वर आली. पोटाचा आवाज एका बाजूला जरा मंद होता. पशुवैद्य म्हणाले, जाऊ द्या, पण शेवटची फेरी जपून. मी जपून गेलो. म्हणून शेवटून तिसरा. पुढे गेलेल्यांपैकी दोघांचे घोडे तिसऱ्या फाटकात लंगडे ठरले, त्यांची नावं निकालात नाहीत. तुम्ही क्रम वाचलात, काका, गाळलेली नावं वाचली नाहीत.

या खेळातल्या जुन्या शर्यतींपैकी एक कॅलिफोर्नियात १९५५ पासून होते. डोंगरातून १६० किलोमीटर, चोवीस तासांच्या आत. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोचतात. पोचलेल्या सगळ्यांना पट्ट्याचं सारखंच चांदीचं बक्कल मिळतं आणि पहिल्या दहांतला जो घोडा सगळ्यात ठणठणीत असेल त्याला वेगळा मानाचा चषक. मला विचाराल तर तो चषक पहिल्या नंबरापेक्षा मोठा.

कोर्टाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात बैल होते. नंतर राज्यांनी कायदे दुरुस्त केले आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तामिळनाडू, महाराष्ट्र आणि आपल्या कर्नाटकाच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. राहिला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. तो मलाही तेवढाच लागू आहे. जनावर बेसुमार हाकणं जसं त्यात गुन्हा आहे, तसं बेसुमार स्वारी करणंही. मी खोगिरावर बसतो म्हणून मला सूट नाही, आणि तशी मी मागतही नाही.

साठ किलोमीटर म्हणजे छळच, असं तुम्हाला वाटण्याला मात्र आधार आहे. १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्यामध्ये साडेपाचशेहून जास्त किलोमीटरची शर्यत लावली. जिंकणारा तीन दिवसांच्या आत पोचला आणि त्याचा घोडा मेला. आणखी बरेच मेले. वाटेत थांबवणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नेब्रास्काहून शिकागोपर्यंत हजार मैलांची शर्यत ठरली, तेव्हा प्राणिमित्रांनी इतका आरडाओरडा केला की वाटेत घोडे तपासायला माणसं नेमावी लागली. म्हणजे आज मी ज्या फाटकाचं एवढं कौतुक करतोय, त्यामागं तुमच्यासारख्यांचा आवाज आहे.

आणि फाटक असूनही वाट लागते, हे मीच सांगतो. सपाट वाळू, मोठी बक्षिसं, १६० किलोमीटर ताशी पंचवीसच्या वर वेगानं, असं झालं की घोडे मोडतात. घोड्यांच्या हालांवरून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघालाच काही महिने निलंबित केलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायनला जागतिक स्पर्धेतली एन्ड्युरन्स ऊन आणि दमटपणामुळे अर्ध्यातच रद्द करावी लागली. त्या प्रकारच्या एन्ड्युरन्सचं समर्थन मी करणार नाही. नव्या घोड्याला पात्रता-फेऱ्यांत ताशी १६ किलोमीटरपेक्षा जास्त वेग चालत नाही आणि १६० किलोमीटरला घोडा किमान आठ वर्षांचा लागतो, या नियमांवर मला जास्त भरवसा आहे. स्नायू काही महिन्यांत तयार होतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि हाडं वर्षं घेतात.

चोचल्यांबद्दल फार लिहीत नाही. आमची घोडी काठियावाडी रक्ताची, बाजारात घेतलेली. सराव पाणंदीत आणि जांबोटीच्या बाजूच्या लाल वाटांवर होतो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरची गाणी सुरू व्हायच्या आत, पहाटे. लांब अंतराला उंच, भारी विलायती घोडा उलट गैरसोयीचाच, त्याचं अंग निवायला वेळ लागतो. चिकोडी-हुक्केरीकडं धनगरांच्या मेंढरांमागं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणारं तट्टू बघा. त्या भीमथडी तट्टाची आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. दिवसभर चालून संध्याकाळी चरायला लागणारं ते जनावर मला या खेळात बघायला आवडेल.

आता तुमच्या गाडी-शर्यतीबद्दल एक बोलतो, राग मानू नका. अंतर कमी असतं, ते मला मान्य. पण डांबरावर चौखूर, मागं मोटारसायकलींचा ताफा, शिट्ट्या, आणि निशाण ओलांडलं की गुलाल. त्यानंतर अर्ध्या तासात घोड्याचं काय होतं, हे गुलालातलं कोणीच बघत नाही. घोडा बाद आहे असं म्हणायचा अधिकार मैदानात कुणालाच नसतो. मला खुपतं ते हे.

तुमच्या गावच्या कमिटीत तुमचा शब्द चालतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या शर्यतीत एवढं करून बघा: निशाण ओलांडल्यावर लगेच निकाल लावायचा नाही. अर्ध्या तासानं नाडी बघायची, पन्नास मीटर चालवून लंगड बघायची, आणि त्यात बसेल त्याचाच नंबर. गाडीवाले आधी शिव्या देतील. पुढच्या वर्षी सराव मात्र नीट करून येतील.

माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला मी येतोय. जनावरांच्या बाजारात भेटू, स्टेथोस्कोप घेऊन येतो. तोवर घरच्या घोड्यावर हात बसवून घ्या. जबड्याच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी रक्तवाहिनी लागते, ती हाडावर हलकेच दाबायची. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी मोजाल. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारनं गुणायचे. सकाळी चंदीच्या आधी आठवडाभर लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या घोड्याचा उभ्याचा आकडा कळेल. शर्यतीच्या दिवशी तुलना त्याच्याशीच करायची आहे.