राजाची तिजोरी, संसदेची चावी

इंग्लंडच्या राजाला संसदेने नेमकी केव्हा वेसण घातली, यावर परवा कट्ट्यावर चांगलीच जुंपली. वकिलाने सवयीप्रमाणे १२१५ सालच्या मॅग्ना कार्टापासून सुरुवात केली. राज्याच्या संमतीविना राजाने काही कर बसवू नयेत, असे कलम त्या सनदेत होते, एवढाच त्याचा मुद्दा. मास्तरांनी त्याला तिथेच अडवले. "अरे, जॉन राजाने रनीमीडला शिक्कामोर्तब केल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोपने ती सनद रद्द ठरवली, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली तेव्हा नेमके तेच कलम गाळलेले होते!"

मास्तरांच्या मते निकाल लागला तो तलवारीने. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स सशस्त्र शिपाई घेऊन पाच सदस्यांना पकडण्यासाठी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये शिरला, सभापतींच्या खुर्चीपाशी गेला आणि ते पाच जण कुठे आहेत, असे त्याने विचारले. सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकले खरे; पण सभागृह सांगेल त्याखेरीज या ठिकाणी पाहायला मला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, असे उत्तर त्यांनी दिले. पाखरे आधीच उडाली होती. पुढे यादवी झाली आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला.

"डोके उडवून प्रश्न सुटला असता, तर १६६० मध्ये त्याच्याच मुलाला मानाने परत का बोलवावे लागले?" इतका वेळ गप्प असलेला आमचा बँकवाला म्हणाला. त्याचे म्हणणे असे की, चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षे संसद बोलावलीच नाही, कारण किनाऱ्यावरच्या परगण्यांपुरती असलेली जहाजपट्टी, म्हणजे आरमारासाठीचा कर, आतल्या परगण्यांवरही लादून त्याचे भागत होते. स्कॉटलंडशी युद्ध जुंपले आणि तिजोरी अपुरी पडली, तेव्हाच त्याला संसदेची आठवण झाली. हे ओळखूनच संसदेने १६८९ नंतर खरी मेख मारली. आधीच्या राजांना तहहयात मिळणारे जकातीचे उत्पन्न तिने १६९० मध्ये, दुसऱ्या जेम्सच्या जागी तिनेच गादीवर बसवलेल्या तिसऱ्या विल्यमला फक्त ४ वर्षांसाठी दिले, आणि सैन्यात शिस्त राखण्याचा कायदाही थोड्याथोड्या मुदतीचाच ठेवला. "बँकेच्या कॅश क्रेडिटची कर्जमर्यादा जशी दरवर्षी नूतनीकरणाला येते, तसा राजा येऊ लागला," असे तो म्हणाला. फ्रान्सशी लढणाऱ्या विल्यमला दुसरा सावकारही नव्हता. त्या सालापासून संसदेचे अधिवेशन एकाही वर्षी चुकलेले नाही, हा त्याचा पुरावा मला तरी शिरच्छेदापेक्षा वजनदार वाटतो.

विधेयकाला संमती नाकारण्याचा अधिकार राणी ॲनने १७०८ मध्ये शेवटचा वापरला, हे सगळ्यांनाच मान्य होते. वकिलाने मात्र १८३४ सालचे प्रकरण काढले. चौथ्या विल्यमने मेलबर्न यांचे मंत्रिमंडळ घालवून पील यांना पंतप्रधान केले. निवडणुकीत पील यांच्या जागा वाढल्या, तरी बहुमत काही हाती आले नाही आणि पाच महिन्यांत मेलबर्न परत आले. "इथे तिजोरी कुठे आली?" असे त्याने बँकवाल्याला विचारले. पील पडले ते आयर्लंडमधल्या चर्चच्या उत्पन्नाच्या प्रश्नावर, राजाचा खर्च अडवल्यामुळे नव्हे. १८३२ मध्ये मतदानाच्या हक्कात झालेल्या सुधारणेनंतर मतदारांचा कौल फिरवणे राजाला जमेनासे झाले होते, हा वकिलाचा मुद्दा बँकवाल्याला काही खोडून काढता आला नाही.