अठराव्या ओळीवर माझं नाव आहे, सही नाही

सकाळी वॉचमन सह्यांचा कागद देऊन गेला. बिल्डिंगमागच्या सरकारी दवाखान्यातलं ओएसटी सेंटर, म्हणजे गर्दच्या व्यसनावर गर्दऐवजी औषधाची गोळी देतात ते, हलवा म्हणून अर्ज. सतरा सह्या झाल्यात. ग्रुपवर मेसेज वेगळाच, "सरकार आता गर्दुल्ल्यांना फुकटात नशा वाटतंय!" त्याखाली अंगठे, टाळ्या. डोकंच फिरलं.

कोणी आत जाऊन बघितलंय? मी आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला तिथेच जाते. नर्स बुप्रेनॉर्फिनची गोळी कुटून जिभेखाली टाकते, विरघळेपर्यंत समोर बसवते, तोंड उघडायला लावते, मगच सोडते. परवा एक जण कुरियरची बॅग मांडीवर घेऊन बसलेला, तोंड मिटलेलं आणि डोळे सारखे घड्याळाकडे. कामावर उशीर होत होता त्याला. ही नशा? अरे ही गोळी मिळाली की अंग मोडून येत नाही, गर्दच्या पुडीमागे पळावं लागत नाही, एक सुई चौघांत फिरत नाही.

आमच्या विजूमामाला हे मिळालं नाही. ८२ च्या संपात गिरणी गेली, बदली कामगार होता, दिवसभर नाक्यावर. कोणीतरी पन्नीवर ओढायला शिकवलं. एक दिवस आजीचा तांब्याचा हंडा गायब. लग्नातला हंडा, भंगारवाल्याकडे किलोवर गेला. आजोबांनी मामाला चाळीच्या जिन्यावरून फरफटत खाली नेलं, सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती, आणि कोणी मधे पडलं नाही, आम्हीसुद्धा.

मग पुडीसकट पकडला गेला. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, १९८५ चाच, नवा कोरा, जामिनाला कोण उभं राहणार! ओढणारा आत गेला तो टोचणारा होऊन बाहेर आला. आत काय शिकला ते आम्ही विचारलं नाही, त्याचे दंड बघूनच कळलं.

आता मला सांगा, २०२१ ला मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडलं, टाल्क म्हणून कंटेनरमधून आलेलं. २०२४ ला आपल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत, फॅक्टरीत, शेकडो किलो एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर. कंटेनर काय नाक्यावरच्या पोरांनी मागवला होता का? त्याच्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या? तिकडे आपली बातमी फॉरवर्ड करून झाली की संपलं, आणि इकडे खिशात एक ग्राम असलेल्याला स्टेशनवर चार लोक तुडवतात तेव्हा मोबाइल काढायचे. त्याच कायद्यात ६४ अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सुटका मिळू शकते. वकील नसलेल्याला ते सांगतो कोण?

हो, लाइनमधले दोघं-तिघं जिन्यात येऊन झोपतात, एकदा सुईपण सापडली होती, मान्य आहे. मलाही भीती वाटते, मुलगी संध्याकाळी एकटी क्लासहून येते. मग दवाखान्याला सांगा ना, सुया जमा करायचा डबा ठेवा, बाहेर लाइट लावा. सेंटर हलवलं म्हणून माणसं हलणार आहेत का? जिन्यातच येणार, फक्त गोळी न घेता.

रागात लिहितेय खरं, पण सह्या करणाऱ्यांत चांगली माणसं आहेत. खालच्या काकूंनी कोविडमध्ये आम्हाला चौदा दिवस डबा दिला, त्यांची सही तिसरी आहे. काकू, तुमच्यावर राग नाही हो. आमची आजीही आधी असंच म्हणायची, मेला तर सुटेन. आणि रात्री मात्र हंड्याच्या रिकाम्या तिवईवर त्याचं ताट झाकून ठेवायची, म्हणजे तो गुपचूप येऊन जेवून जाईल. सकाळी कधी ताट रिकामं असायचं, कधी नाही. मामा गेल्यावरसुद्धा कितीतरी दिवस ती ताट ठेवत होती, आईने शेवटी तिवईच माळ्यावर टाकली.

कागद टीव्हीजवळ पडलाय. अठराव्या ओळीवर माझं नाव आणि फ्लॅट नंबर कोणीतरी आधीच लिहून ठेवलाय. उद्या तसाच परत देणार आहे, आणि ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात या, तशीही मला आईच्या गोळ्या आणायच्यात.