बेरीज सारखी म्हणून लढत बरोबरीची होत नाही

ऑनलाइन गेममध्ये गिल्ड वॉर, म्हणजे खेळाडूंच्या दोन संघांची (गिल्डची) लढाई, हरलं की चॅटवरचा पहिला मेसेज ठरलेला: 'मॅचमेकिंगच गंडलंय', म्हणजे गेमने जोडीच चुकीची लावली. निम्म्या वेळा ते रडगाणंच असतं. बोलायचंय ते उरलेल्या निम्म्या वेळांबद्दल. तिथे तक्रार रास्त असते आणि तरी 'आधी नीट खेळायला शिका' म्हणून उडवून लावली जाते.

बऱ्याच गेममध्ये जोडी लावताना गिल्डची एकूण पॉवर, म्हणजे ताकदीचा आकडा, बघतात. सगळ्या मेंबरांची बेरीज जवळपास सारखी आली की झाली मॅच. आमचं मागचं वॉर असंच लागलं. स्क्रीनवर दोन्ही आकडे अगदी खेटून. समोरच्यांची मेंबर लिस्ट उघडली तर वरचे तिघं अवाढव्य आणि खाली महिनामहिना लॉगिन न केलेली अकाउंटं. आमच्याकडे सगळे मधल्या लेव्हलचे, पण रोज खेळणारे. नकाशा खुला, हवे तितके हल्ले करा. त्या तिघांनी आमची आघाडी बघता बघता सपाट केली. बाकीचे आलेसुद्धा नाहीत! आता हेच वॉर माणशी दोन हल्ल्यांचं असतं, तर न येणाऱ्यांचे हल्ले वाया जाऊन तेच हरले असते. नियम बदलला की निकाल उलटा, आणि आकडा मात्र तोच. असल्या आकड्यावर कसल्या जोड्या लावता?

बुद्धिबळात हे कोडं केव्हाच सुटलं. आर्पाद एलो यांची रेटिंगची, म्हणजे खेळाडूचं कौशल्य आकड्यात मांडायची, पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतली, आणि ती फक्त निकाल मोजते. पुढे टीमसाठी मायक्रोसॉफ्टने ट्रूस्किल ही रेटिंग पद्धत काढली. ती प्रत्येक खेळाडूचं कौशल्य धरते आणि त्या अंदाजाची खात्री किती आहे तेही धरते. गिल्डमध्ये मात्र रेटिंग अनेकदा गिल्डच्या नावाला चिकटतं, आतल्या माणसांना नाही. मग नवी गिल्ड काढा, सगळे कसलेले गडी तिकडे हलवा आणि खालच्या गटातल्यांना झोडपा. (मोठी अकाउंटं जोडी लागेपर्यंत बाहेर ठेवून नंतर आत घ्यायची, ही त्याची धाकटी बहीण. यादी आधीच गोठवली की ती बंद होते.)

गेम बनवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. तुल्यबळ गिल्ड हवी तर थांबावं लागतं, म्हणून शोध लांबला की फरकाची अट सैल करत नेतात. वरच्या टोकाला तर गिल्डच मोजक्या. मान्य. पण मग तसं सरळ विचारा ना, थांबता की लढता? लढायचं म्हटलं तर हरल्यावर रेटिंग कमी कापा. एलोच्या सूत्रात हे आहेच: ४०० गुणांनी वरचढ असलेल्याकडून हरलात तर नुकसान नाममात्र, कारण तुम्ही हरणार हे त्यात आधीच धरलेलं असतं.

आणि ती बेरीज सोडा. मागच्या काही वॉरमध्ये प्रत्यक्ष हल्ला कोणी केला आणि त्यातून काय निघालं, त्यावर जोडी लावा. हा डेटा नाही असं कुणी सांगू नये. वॉर संपल्यावर 'टॉप अटॅकर'ची यादी त्यातूनच तर झळकवता.